पालखी पुढे गेल्यावर

संपादकांनी या अंकासाठी 'सेवा' हा विषय ठरवला तेव्हा त्यांच्या पत्रात एक अट होती. थोरांची चरित्रे नकोत, देणग्यांची जंत्री तर नकोच. जे काम करताना कोणी पाहत नाही आणि केल्यावर कोणी आठवण ठेवीत नाही, अशा कामात माणसाला आपल्या जगण्याचे प्रयोजन कसे गवसते, हे जिथे घडते तिथे जाऊन पाहावे आणि मग लिहावे. उदाहरण त्यांनी ख्रिस्ती मिशनयात्रांचे दिले होते. अमेरिकेतील चर्चांमधून उन्हाळ्याच्या सुटीत तरुणांचे जथे आठ-पंधरा दिवसांसाठी परमुलखात जातात, शाळांच्या भिंती रंगवतात, चर खणतात, भांडी घासतात, आणि परतल्यावर आपणच काही मिळवून आलो असे कृतज्ञतेने सांगतात. मात्र या मिळकतीत ज्यांच्यासाठी एवढा प्रवास केला त्यांचा वाटा किती, हा प्रश्न अलीकडे त्या चर्चांतूनच विचारला जाऊ लागला आहे.

मला त्या उदाहरणाने आषाढ आठवला. आपल्याकडे देवाच्या वाटेवर जाऊन अनोळखी माणसांची सेवा करण्याचा सर्वांत मोठा प्रसंग आषाढी वारीचाच. आणि ती सेवा तिच्या अगदी खालच्या पायरीवरून पाहायची, तर पंढरपूरपेक्षा त्याच्या अलीकडचा माळशिरस तालुका बरा. पंढरपुरात देव आहे, त्यामुळे तिथे दुसऱ्या कशाकडे लक्ष जात नाही.

दोन पालख्यांचा तालुका

ज्ञानेश्वर माउलींची पालखी फलटण आणि बरड मागे टाकून धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्याच्या हद्दीत शिरते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे एकामागून एक मुक्काम करते. तुकोबांची पालखी सराटीला नीरास्नान उरकून अकलूजला येते आणि माळीनगरवरून बोरगावच्या वाटेला लागते. दोन्ही सोहळे एकाच तालुक्यातून, वेगवेगळ्या रस्त्यांनी, जवळजवळ एकाच सुमारास चालत असतात. पुरंदावडे, खुडूस, ठाकूरबुवांची समाधी, अकलूज, माळीनगर ही रिंगणांची ठिकाणे याच मुलखातली. वृत्तपत्रांतून आषाढात झळकणारी, माणसांच्या कड्यातून धावणाऱ्या अश्वाची जी छायाचित्रे आपण पाहतो, त्यांतली कितीतरी इथली असतात. पण ती पाहताना या रानाचे नाव कोणाच्या ध्यानात राहत नाही.

मुलूख मुळात अवर्षणाचा. नीरा उजव्या कालव्याचे पाणी जिथवर पोचले तिथवर ऊस, आणि त्या उसावर माळीनगर, सदाशिवनगर, अकलूज येथील कारखान्यांची धुराडी. कालव्याच्या पलीकडे बाजरी, मेंढरे आणि बाभळी. माळशिरस हे तालुक्याचे ठिकाण, तहसील कचेरी इथली, पण बाजाराचा आणि राजकारणाचा गजबजाट अकलूजला. आषाढात पाऊस झाला असेल तर इथल्या काळ्या रानात तंबूची मेख ठरत नाही, आणि झाला नसेल तर लाखो पावलांनी उडवलेली धूळ भाकरीच्या पिठात येऊन बसते. आता पालखी महामार्ग चौपदरी झाला आहे, कडेने चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट आहे. त्याच्या रुंदीकरणात जुन्या वडा-लिंबांची सावली गेली, आणि दुपारी विसावा कुठे घ्यावा ही नवी अडचण दिंड्यांपुढे उभी राहिली.

सोहळ्याची मूळ घडी मात्र अद्याप जुनीच आहे, आणि ती लष्करी आहे. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या चाकरीत राहिलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती बसवली. अंकलीच्या शितोळे सरदारांकडून अश्व आणि तंबू येतात, दिंड्यांना रथापुढील आणि रथामागील क्रमांक ठरलेले आहेत, आणि चोपदाराने चोप उंचावला की टाळ-पखवाजांचा तो अफाट गजर क्षणात थांबतो. मुक्कामी समाजआरतीच्या आधी याच चोपदाराच्या तोंडून वाटेत काय हरवले आणि काय सापडले त्याची वर्दी दिली जाते: कोणाची पिशवी, कोणाचा टाळ, कोणाचा चष्मा. एवढ्या मोठ्या सोहळ्याच्या ऐन पवित्र घटकेला एका म्हातारीच्या चष्म्याला जागा राखून ठेवणारी ही व्यवस्था मला कोणत्याही तत्त्वज्ञानाइतकी बोलकी वाटते.

पण चोपदाराच्या हुकुमाखाली चालण्याचा बंदोबस्त येतो. पाणी, मैला आणि कचरा येत नाही. ती तजवीज सरकारची आणि गावाची. पालखी येण्याच्या कितीतरी आधी कचेरीत बैठका सुरू होतात, पालखीतळावर मुरूम पडतो, विहिरींचा आणि टँकर भरण्याच्या ठिकाणांचा जाबता तयार होतो. ग्रामपंचायतीचा शिपाई टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंगची, पूड मोजून पाण्यात कालवतो आणि आरोग्यसेवक काचेच्या नळीत थेंब टाकून पाण्यात क्लोरीन उरला आहे का हे पाहणारी ओटी टेस्ट करतो. पाणी पिवळसर झाले तर पिण्याजोगे, रंग न आला तर पुन्हा पूड. या नळीभोवती कोणी फुले उधळीत नाही. पंढरपूरच्या यात्रेत पूर्वी पटकीच्या साथी वारंवार उद्भवत आणि परतणाऱ्या यात्रेकरूंच्या पावलांनी गावोगाव पसरत. वारीला गेलेले माणूस घरी येईपर्यंत घरच्यांच्या जिवात जीव नसे. तो धाक आज उरलेला नाही, याचे श्रेय त्या पिवळसर रंगाला आहे.

रात्रीची पाळी

माळशिरसच्या मुक्कामी तळावर कीर्तन रंगलेले असते तेव्हा गावाबाहेरच्या रानात पत्र्याच्या आणि फायबरच्या फिरत्या शौचालयांची एक लांबच लांब रांग उभी असते. तिच्या एका टोकाला पाण्याचा टँकर, मध्ये प्लास्टिकची पिंपे, दुसऱ्या टोकाला मैला उपसणारी गाडी, आणि बांबूला बांधलेले दोन-चार दिवे. खरे काम उत्तररात्री सुरू होते. वारकरी दोन-तीनच्या सुमारास उठू लागतो, कारण सहाला पालखी हलायची आणि त्याआधी त्याला अंघोळ, पूजा, न्याहारी आणि राहुटीची आवराआवर करायची असते. या दोन-तीन तासांत एका लहान गावावर एका शहराची वस्ती प्रातर्विधीसाठी बाहेर पडते. पूर्वी ती रस्त्याच्या कडेला, ओढ्यात, कोणाच्या पेरलेल्या रानात पांगत असे, आणि पालखी गेल्यानंतर गावकऱ्यांना कित्येक दिवस नाक मुठीत धरून वावरावे लागे. ज्या शेतकऱ्याने भक्तीने अन्न वाढले त्याच्याच बांधाची ही गत व्हावी, यात कोणाचा दुष्टावा नव्हता. दुसरी सोय नव्हती.

पंढरपुरात डोक्यावरून आणि हाताने मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली, चंद्रभागेच्या वाळवंटात तंबू ठोकण्याला बंदी आली, आणि शासनाला यात्रेतील शौचालयांचा हिशेब न्यायालयापुढे मांडावा लागला. त्याच सुमारास, २०१५ पासून, 'निर्मल वारी' या नावाने मुक्कामाच्या गावी फिरती शौचालये उभी करून तिथे स्वयंसेवक नेमण्याचा उपक्रम पुण्याच्या सेवा सहयोग या संस्थेने हाती घेतला, पुढे शासनाने त्याला पैसा पुरवला, आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे महाविद्यालयीन विद्यार्थीही अशा कामात येऊ लागले.

डबे उभे करणे हा यातला सोपा भाग. ते वापरले जावेत यासाठी अंधारात माणसे उभी असावी लागतात. रानाकडे वळणाऱ्या पायवाटेच्या तोंडाशी एक पोरगा शिटी घेऊन उभा असतो आणि टमरेल घेऊन येणाऱ्या आजोबांना हात जोडून, "माउली, इकडून या," अशी विनवणी करीत असतो. आजोबांनी उभ्या जन्मात बंद दाराआड हा विधी केलेला नाही. त्यांना त्या डब्यात कोंडल्यासारखे होते, आणि आत पाणी नसेल ही शंका असते, जी पुष्कळदा खरीही ठरते. म्हणून दुसरा पोरगा पिंपातून बादली भरून दाराशी ठेवीत असतो. तिसरा, आतून माणूस बाहेर पडले की पाणी ओतून खराट्याने भांडे साफ करतो, कारण पुढच्याला एकदा घाण दिसली की तो आणि त्याच्या मागचे दहाजण रानाची वाट धरतात. ही तिसरी जागा कोणी आपणहून मागत नाही. पाळीचा म्होरक्या ती आळीपाळीने वाटतो, आणि ज्याच्या वाट्याला ती येते त्याचा चेहरा पहिल्या अर्ध्या तासात पाहण्यासारखा असतो.

त्यानंतर मात्र त्या चेहऱ्यात एक पालट होतो, आणि मी गेलो होतो तो पाहण्यासाठीच. त्याला साक्षात्कार म्हणावे असे त्यात काही नाही. किळस ही मनाच्या मोकळेपणावर पोसते. एकामागून एक माणूस येत राहिले, पाणी संपत आले, मैला उपसणारी गाडी चिखलात रुतली, की मन मोकळे राहतच नाही, आणि मग काम आणि करणारा यांच्यात जे 'मी' नावाचे अंतर असते ते आपोआप बुजते. पहाटे चारच्या सुमारास त्या मुलांची आपसातली बोलणी ऐकली तर त्यांत पुण्य, देश, संस्कार हे शब्द नसतात. टँकर कुठे अडला, मधल्या डब्याची कडी कशी तुटली आणि खराटा कोणी पळवला, एवढाच व्यवहार. संपादकांनी ज्याला प्रयोजन म्हटले ते असे कामाच्या तपशिलात विरघळलेले असते आणि निराळे काढून दाखवता येत नाही.

स्त्रियांच्या रांगेची कथा निराळी आहे. आडोसा मिळणार नाही या धास्तीने दिवसभर पाणी न पिता चालणाऱ्या बायका वारीत पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या. दिवसभर थांबायचे आणि काळोखात उरकायचे हाच शिरस्ता. या बायकांना शौचालयाकडे बोलावण्यासाठी कोणाला शिटी वाजवावी लागत नाही. त्या आधीच येऊन उभ्या असतात, आणि त्यांची रांग पुरुषांच्या रांगेहून लांब असते. तुळस डोक्यावर घेऊन वीस-पंचवीस किलोमीटर चालणाऱ्या त्या माउलीला वारीत काय पालटले असे विचारले तर ती महामार्गाचे नाव घेणार नाही; त्या पत्र्याच्या दाराच्या कडीचे घेईल.

मिरज आणि जामखेड

ख्रिस्ती मिशनांच्या सेवेचा विषय महाराष्ट्रात निघाला की धर्मांतराचा वाद आधी पुढे येतो आणि बेडपॅन मागे राहते. तो वाद खोटा नाही. पण बेडपॅनही खोटे नाही. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभारले आणि त्यांच्या शस्त्रक्रियांची कीर्ती दूरवर पसरली. परंतु शस्त्रक्रियेनंतर रात्र रात्र जागून रोग्याचे मलमूत्र काढणारे, जखमा धुणारे हात कोणाचे होते, याची आठवण फारशी कोणी ठेवलेली नाही. परिचारिकेचे काम आपल्या उच्चवर्णीय घरांत दीर्घकाळ हलके गणले जाई, आणि रुग्णालयांतून ते आरंभी मोठ्या प्रमाणावर ख्रिस्ती मुलींनी उचलले. योहानाच्या शुभवर्तमानात येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो आणि पेत्र संकोचाने नकार देतो, असा प्रसंग आहे; पवित्र गुरुवारी वसईच्या चर्चांतून आजही त्याची आठवण म्हणून पाय धुतले जातात. वारीच्या वाटेवर, खोबरेलाची वाटी घेऊन बसलेल्या तरुणाने पायाला हात लावताच एखादा वृद्ध वारकरी झटकन पाय आखडून घेतो आणि उलट त्याच्याच पाया पडतो, तेव्हा मला पेत्राची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. सेवा करून घेणे हे सेवा करण्याहून अवघड आहे, हे दोन्हीकडे दिसते.

पण या परंपरेचे जे रूप मला अधिक पटते ते जामखेडचे. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले जोडपे १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या या दुष्काळी गावी आले. मोठे रुग्णालय बांधून रोग्यांची वाट पाहण्याऐवजी त्यांनी खेड्याखेड्यांतल्या, पुष्कळदा निरक्षर आणि दलित, बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवले: बाळंतपण स्वच्छ कसे करावे, हगवण लागलेल्या मुलाला साखर-मिठाचे पाणी कसे पाजावे, खरजेवर काय लावावे, न्हाणीचे पाणी शोषखड्ड्यात कसे मुरवावे. कूपनलिका खोदताना त्या दलित वस्तीत खोदल्या जातील असे त्यांनी पाहिले, म्हणजे पाण्यासाठी सवर्णांना तिकडे जावे लागे. अस्पृश्यतेवर एवढे प्रभावी आणि एवढे अबोल कीर्तन मी दुसरे ऐकलेले नाही. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण ते काम टिकले ते त्या गावातच राहणाऱ्या बायकांवर. बाहेरून आलेल्याने काम आपल्या नावावर न ठेवता तिथल्यांच्या हाती सोपवावे, हा धडा अमेरिकेतल्या त्या सुटीतल्या जथ्यांना आता कुठे उमगू लागला आहे.

देणाऱ्याची हौस

माळशिरसच्या रस्त्यावर उलटा धडाही भरपूर मिळतो. दूरच्या शहरांतून टेम्पो भरून माणसे येतात, कडेला मांडव घालतात, मांडवावर देणाऱ्याचे छायाचित्र विठ्ठलाच्या छायाचित्राहून मोठे असते, आणि मग केळी, बिस्किटे, पाण्याचे पाऊच यांचे वाटप सुरू होते. एकाच मैलात चार ठिकाणी केळी मिळतात आणि पुढचे तीन मैल काहीच मिळत नाही, कारण टेम्पो जिथे उभा करणे सोयीचे तिथेच दातृत्व उभे राहते. वारकरी भिडस्त, दिलेले नाकारू नये म्हणून तो घेतो, आणि झोळीत जागा न उरल्यामुळे पुढच्या वळणावर ठेवून देतो. साली आणि पाऊच यांचा खच पडतो तो असा. या माणसांच्या भावनेविषयी मला शंका नाही. पण काय द्यावे हे त्यांनी घरून निघतानाच ठरवलेले असते आणि वाटेला विचारलेले नसते.

त्याच रस्त्यावर, झाडाच्या उरल्यासुरल्या सावलीत, एक चर्मकार गोणपाटावर आरी, दाभण आणि मेणलावला दोरा घेऊन बसलेला असतो आणि पैसे न घेता वहाणा शिवून देतो. तो आपणहून काही देत नाही; येणाऱ्याची वहाण हातात घेतो, उलटी करून पाहतो, अंगठा तुटला की पट्टा, टाच झिजली की तळ, हे ठरवतो आणि तेवढेच करतो. पंढरपूर अजून दोन-तीन मुक्काम दूर असताना तुटलेल्या वहाणेने चालणाऱ्याच्या पायाला उठलेले फोड ज्याने पाहिले आहेत, त्याला या दोन दानांत कोणते मोठे हे सांगावे लागत नाही. शेजारी न्हावी दाढ्या करतो, पलीकडच्या तंबूत डॉक्टर जलसंजीवनीची पाकिटे आणि मलमपट्टी देतो. या सर्वांमध्ये साम्य एवढेच, की समोरच्या माणसाला काय हवे हे त्यांचे काम ठरवते.

रिकाम्या तळावर

सकाळी पालखी खुडूसच्या रिंगणाकडे निघून जाते, तिच्यामागून दिंड्यांचे ट्रक तंबू आणि भांडी घेऊन पुढच्या मुक्कामाकडे धावतात, आणि तळावर उरतात पत्रावळी, द्रोण, पावसापासून पांघरलेले प्लास्टिकचे कागद, विझलेल्या चुली आणि एकेकट्या चपला. आता नगरपंचायतीचे सफाई कामगार येतात. काही ठिकाणी विद्यार्थीही त्यांच्या जोडीला असतात. हे विद्यार्थी हातमोजे घालून, गाणी म्हणत, कचऱ्याच्या गोण्या भरतात आणि दुपारच्या गाडीने परततात. कामगार मुकाट्याने झाडतात, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या हातात मोजे नसतात.

इथे माझ्या सगळ्या विवेचनाला अडखळायला होते. एकच खराटा एकाच्या हाती साधना होतो आणि दुसऱ्याच्या हाती जन्माने आलेला रोजगार राहतो. ज्याला उद्या घरी परतायचे आहे त्याला हलक्या कामात प्रयोजन सापडणे सोपे; ज्याच्या बापाने आणि आज्याने हेच केले आणि ज्याच्या मुलाने ते करू नये म्हणून तो झटतो आहे, त्याला या कामाची थोरवी ऐकवणे हा उद्धटपणा होईल. गाडगेबाबांना हे पुरते कळले होते. गावात शिरताच ते हाती खराटा घेत, पण त्या खराट्याचा महिमा गात बसण्यापेक्षा त्यांनी पोरांना शिकवा असा घोष लावला. पंढरपुरात अस्पृश्य यात्रेकरूंना टेकायला जागा नव्हती म्हणून चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली, आणि १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. इरावती कर्वे यांनी 'वाटचाल' या लेखात दिंडीत एकत्र चालणारी माणसे जेवताना मात्र जातीने वेगळी बसतात याची खंत नोंदवली आहे. पंगती आता पुष्कळ सरमिसळ झाल्या, खराटा मात्र अजून फारसा सरमिसळ झालेला नाही.

म्हणून माझा अभिप्राय असा, की वारीतल्या या खालच्या पायरीवरच्या सेवेचे मोल सेवेकऱ्याच्या समाधानावरून ठरवू नये. ते समाधान खरे आहे, पहाटे चारला मी ते पाहिले आहे, आणि ज्या तरुणाने एकदा दुसऱ्याची घाण धुतली तो पुढे तहसीलदार झाला किंवा अभियंता, तरी शौचालयाच्या कामाचा कागद इतरांसारखा बाजूला सारणार नाही अशी मला आशा वाटते. पण मोल ठरायचे ते सफाई कामगाराच्या हातात मोजे आले की नाही, मैला उपसण्यासाठी माणूस खड्ड्यात उतरला की यंत्र, बायकांची रांग आखडली की नाही, यावरून.

येत्या आषाढात ज्या वाचकाला या वाटेवर काही करावेसे वाटेल, त्याने केळ्यांचा टेम्पो भरू नये. मुक्कामाच्या गावच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत महिनाभर आधी जाऊन कोणत्या कामाला माणसे कमी पडतात हे विचारावे, आपल्याबरोबर तिथल्या कामगारांसाठीही मोजे आणि बूट न्यावेत, आणि रात्री बारा ते सकाळी सहाच्या पाळीत आपले नाव घालावे.